अष्टागरातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या: एका दिवसाच्या सहलीचं मार्गदर्शन

रायगड जिल्ह्यातल्या अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की अक्षी, नागाव, चौल अशी गावं लागतात आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना नारळी-पोफळीची सलग सावली सुरू होते. हेच अष्टागर, म्हणजे आठ आगरांचा, बागायती गावांचा पट्टा. बहुतेक पर्यटक या सावलीतून गाडी काढून थेट समुद्र गाठतात आणि संध्याकाळी त्याच वाटेने परततात. पण किनाऱ्याइतकीच पाहण्यासारखी गोष्ट ही सावलीच आहे. शिलाहार, पोर्तुगीज, आंग्रे अशा एकामागून एक सत्ता इथे येऊन गेल्या आणि बागायत मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली.

नवख्या माणसाची अडचण अशी, की या बागांना सार्वजनिक उद्यानासारखं फाटक नाही, तिकीटखिडकी नाही, माहितीचा फलकही नाही. प्रत्येक वाडी कुणाच्या तरी मालकीची आहे आणि तिच्यावर कुणाचं तरी घर चालतं. त्यामुळे कुठे थांबायचं, कुठे विचारायचं आणि आत गेल्यावर नेमकं बघायचं काय, हे आधी माहीत असेल तरच दिवस सार्थकी लागतो. सगळ्याची किल्ली पाण्यात आहे: विहीर, तळं आणि पाट यांचा माग काढत गेलात, तर बागेची जुनी मांडणी आपोआप उलगडत जाते. खाली दिलेला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. दिवस निवडताना ऋतू, वार आणि तिथी तिन्ही पाहा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा उत्तम काळ. या दिवसांत पोफळीचे घड पिकून नारिंगी होतात, सुपारी उतरवणं आणि वाळवणं चालू असतं आणि वाडीला नियमित शिंपणं द्यावं लागतं. त्यामुळे पाणी खेळताना दिसतं. पावसाळ्यात हिरवळ डोळ्यांत मावत नाही हे खरं, पण तेव्हा शिंपणं बंद असतं, वाटा निसरड्या होतात आणि आत फिरवायला कुणाला सवड नसते. मार्च ते मे दमट उकाडा असतो. कोकम आणि आंबे पाहायचेच असतील तर एप्रिलअखेर जा, मात्र सकाळी दहाच्या आत वाडी पाहून मोकळे व्हा.

वार मंगळवार ते गुरुवारमधला धरा. अलिबाग-रेवदंडा रस्ता अरुंद आहे. शनिवारी, रविवारी आणि नाताळ ते नववर्षाच्या दिवसांत नागावजवळ गाड्या अडकून पडतात, आणि पाऊण तासाचं अंतर कापायला दुप्पट वेळ लागतो. दत्तजयंतीला चौलला दत्ताच्या टेकडीची मोठी जत्रा भरते. ती पाहायची असेल तर तिच्यासाठीच वेगळे या. बागा पाहण्याच्या बेतात ती घालू नका.

आता तिथी. त्याच दिवशी अलिबागचा कुलाबा किल्लाही करायचा असेल तर पंचांग बघितल्याशिवाय दिवस ठरवू नका. या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. किनाऱ्यावर कोळी वापरतात तो ठोकताळा सोपा आहे: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. उदाहरणार्थ त्रयोदशीला तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे भरती पावणेदहाच्या सुमाराला आणि ओहोटी दुपारी चारच्या आसपास. तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे सकाळची ओहोटी आठच्या आसपास.

इथे पुष्कळ जण फसतात. अष्टमीला ओहोटी बरोबर दुपारी बाराच्या सुमाराला येते, म्हणून तो दिवस सोयीचा वाटतो. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते. तेव्हा पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी, त्यामुळे ओहोटी असूनही वाटेत गुडघाभर पाणी राहू शकतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटतं, पण ती ओहोटी पहाटे आणि दिवेलागणीला येते. म्हणून मधले दिवस पकडा. किल्ला सकाळी करायचा असेल तर द्वितीया ते चतुर्थी, दुपारनंतर करायचा असेल तर द्वादशी ते चतुर्दशी. शुद्ध किंवा वद्य कुठलाही पक्ष चालेल. बागांसाठी सकाळ मोकळी राहते, त्यामुळे दुसरा पर्याय अधिक चांगला. ठोकताळा बेत आखण्यापुरताच आहे. प्रत्यक्ष पाण्यात पाय टाकण्यापूर्वी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहा आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना विचारा.

२. बरोबर काय घ्याल

- पकड असलेले, ओले झाले तरी चालतील असे बूट किंवा पट्ट्याच्या चपला. आळ्यांभोवतीची, म्हणजे झाडाच्या बुंध्याशी पाण्यासाठी केलेल्या खळग्यांभोवतीची, माती भुसभुशीत असते, त्यामुळे सपाट चपला रुततात.
- गडद रंगाचे जुने कपडे. केळीचा चीक, ओल्या सुपारीचा रस आणि कोकमाचे डाग धुऊन जात नाहीत. देवळांत जायचं आहे, तेव्हा गुडघे आणि खांदे झाकलेले असावेत.
- सुटे पैसे. शहाळंवाले, मिनीडोर (प्रवासी वाटून घेतात त्या मोठ्या रिक्षा), देवळाबाहेरच्या टपऱ्या इथे मोबाइलचं नेटवर्क ऐनवेळी दगा देतं.
- माणशी दोन लिटर पाणी आणि डास पळवणारं मलम.
- सरकारी ओळखपत्र. मुक्काम करायचा झाल्यास खोली घेताना लागतं.
- चालू वर्षाचं पंचांग किंवा तिथी दाखवणारी दिनदर्शिका.
- मोठी कापडी पिशवी. परतताना ती रिकामी राहत नाही.

ड्रोन नेऊ नका. घरांच्या मागीलदारावर कॅमेरा फिरवला की लोकांचा संताप होतो, आणि तो रास्त आहे.

३. पोचणं

मुंबईहून दोन वाटा. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला प्रवासी बोट साधारण तासाभरात पोचते. काही बोटसेवांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं, तेवढं तिकीट काढताना विचारून घ्या. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. गाडी न्यायची असेल तर २०२० सालापासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सेवा आहे, तिचं आरक्षण आधी करावं. दुसरी वाट पनवेल, पेण, वडखळमार्गे रस्त्याने.

अलिबागच्या एसटी स्थानकावरून रेवदंड्याची एसटी मिळते. शिवाय मिनीडोर असतातच. त्या भरल्या की सुटतात आणि वाटेत हात दाखवाल तिथे थांबतात, त्यामुळे एकेका गावात उतरत जाणाऱ्याला त्याच सोयीच्या. स्वतःच्या गाडीपेक्षाही त्या बऱ्या, कारण वाड्यांमधल्या पाखाड्यांत, म्हणजे अरुंद वाटांत, गाडी वळवायला जागा नसते.

४. सुरुवात लांबच्या टोकापासून: रेवदंडा

अलिबागहून सतरा-अठरा किलोमीटर. आधी शेवटचं गाव गाठायचं आणि मागे येत यायचं, म्हणजे सकाळी रस्ता मोकळा मिळतो आणि ऊन चढेल तसतसे तुम्ही अधिकाधिक सावलीत येता. साडेआठच्या आत पोचा.

रेवदंडा म्हणजे पोर्तुगिजांचं तटबंद चौल. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी इथे वखार घातली, पुढे तटबंदी उभी केली, आणि १७४० साली ठाणं मराठ्यांकडे आलं. या कोटाला आगरकोट म्हणतात. गावात शिरताना रस्ता तटातूनच जातो. तटाच्या आत आज घरं आणि वाड्या आहेत, आणि चर्चच्या पडक्या भिंतींना लागून माड उभे आहेत. उंच मनोरा दिसतो त्याला लोक सातखणी म्हणतात. त्याचे सगळे मजले आता उरलेले नाहीत, आणि आहेत त्यांवर चढण्याचा मोह टाळा. दगड सुटे झाले आहेत.

तटावरून आत नजर टाकली की बागेची एक बाजू चांगली समजते: तट वारा अडवतो, आणि त्याच्या आडोशाला पोफळ सरळ वाढते. पोफळीखाली अननस दिसला, कुंपणाशी पेरू, पपई किंवा काजू दिसला, तर लक्षात घ्या की ही झाडं अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर या किनाऱ्यावर आली. माड आणि पोफळ त्यांच्या कितीतरी आधीपासून इथली.

तासभर पुरे. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला खुणावेल. पण तो चढून उतरण्यात अर्धा दिवस जातो, त्याला वेगळी सकाळ द्या.

५. चौल: आधी तळं, मग देऊळ

रेवदंड्याहून मागे येताना चौलच्या रामेश्वराला उतरा. देवळासमोर दगडी पायऱ्यांची पुष्करणी आहे. नवखे लोक सरळ गाभाऱ्याकडे जातात. तुम्ही आधी पुष्करणीभोवती एक फेरी घाला. पाण्याची पातळी कुठल्या पायरीवर आहे ते पाहा, आणि आजूबाजूच्या वाडीत पोफळ कितपत दाट आहे तेही. नोव्हेंबरमध्ये वरच्या पायऱ्यांना लागलेलं पाणी मे महिन्यात बरंच खाली गेलेलं असतं. इथे पाऊस तीन-चार महिने धो धो कोसळतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. जांभा आणि वाळू दोन्ही पाणी धरून ठेवत नाहीत. तरीही पोफळीला मुळाशी ओल सतत हवी. तळी आणि विहिरींशिवाय ही बाग दोन उन्हाळेसुद्धा काढू शकणार नाही.

देवळाच्या मंडपात फरशीखाली अग्नी, वायू आणि पर्जन्य अशी तीन कुंडं आहेत, आणि पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडण्याची परंपरा आहे. पाण्याची चिंता इथल्या देवळातही किती खोल मुरली आहे, ते यावरून दिसतं. पुष्करणीत पाय धुऊ नका, निर्माल्य टाकू नका.

६. वाडीत शिरण्याआधी

या सहलीतला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा, आणि लोक चुकतात तेही इथेच.

कुंपणाचं फाटक उघडं दिसलं म्हणून आत जाऊ नका. बाहेरूनच हाक मारा. घरातून काका किंवा काकू बाहेर आल्या की आपण कुठून आलो ते सांगा आणि सरळ विचारा, “काकू, वाडी बघायची होती. थोडा वेळ आत आलं तर चालेल का?” नाही म्हणाल्या तर आभार मानून पुढे चला. सुपारी उतरवण्याच्या दिवसांत घरातली सगळी माणसं कामात असतात, त्यामुळे नकार मिळाला तर मनाला लावून घेऊ नका.

याहून सोपा मार्ग म्हणजे वाडीतच घरगुती राहण्या-जेवणाची सोय असलेलं घर गाठणं. नागाव आणि चौलमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत. आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगा आणि त्याच वेळी, “जेवणाआधी वाडी दाखवाल का?” असं विचारून ठेवा. दाखवणाऱ्या माणसाच्या वेळेचे पैसे वेगळे विचारून द्या, जेवणाच्या बिलात ते धरू नका.

आत गेल्यावर पाळायच्या गोष्टी:

- आळ्यात पाय देऊ नका. बुंध्याभोवतीच्या खोलगट भागात वरच्या थरातच मुळं असतात आणि पाटाचं पाणी तिथे थांबवायचं असतं. कडा मोडली की पाणी भलतीकडे जातं.
- माडाखाली उभं राहून गप्पा मारू नका, मुलांना तिथे बसवू नका. सुका नारळ आणि झावळी खाली यायला वारा लागत नाही. फोटोसाठी थांबायचंच असेल तर आधी वर बघा.
- खळ्यावर वाळत घातलेल्या सुपारीवरून चालू नका. सालीसकट सुपारी सव्वा-दीड महिना उन्हात वाळते. त्यात बुटांची माती आणि ओल मिसळली की बुरशी धरते.
- ओली सुपारी चाखू नका. ती लागते: घाम फुटतो, डोकं गरगरतं, छातीत धडधडतं. मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका.
- पडलेला नारळसुद्धा मालकाचाच. विचारल्याशिवाय उचलू नका.

७. वाडी पाहायची कशी

आधी विहीर दाखवायला सांगा. किनाऱ्याजवळ वाळूत पावसाचं गोडं पाणी खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, म्हणून इथल्या विहिरी रुंद असतात आणि फार खोल नसतात. जुन्या विहिरीवर रहाटाच्या खुणा शोधा: काठावरचे दगडी किंवा लाकडी खांब, शेजारी बैल किंवा रेडा फिरायचा ती गोल वाट, आणि पाणी पडायची दगडी डोणी. रहाटावर गाडग्यांची माळ असे. ती हळूहळू फिरे आणि एका वेळी थोडंच पाणी वर येई. आता जवळजवळ सगळीकडे विजेचे पंप आहेत. पंपाने काम झटपट होतं, पण उपसा फार झाला की वरचा गोड थर पातळ होतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं. पाणी मचूळ झालं की पोफळ पिवळी पडते. मालकाला विहिरीचं पाणी मे महिन्यात कसं लागतं ते जरूर विचारा. वाडीबद्दलच्या खऱ्या गप्पा तिथून सुरू होतात.

मग डोणीपासून पाटाच्या कडेने चालत जा. पाट कुठे फुटतो, कुठल्या आळ्याला आधी पाणी मिळतं, ते पाहा. काही वाड्यांत पाटाच्या जागी ठिबकच्या नळ्या दिसतील. पाणी वाचतं म्हणून ते चांगलंच, फक्त मग जुनी मांडणी ओळखायला जुन्या आळ्यांच्या ओळी बघाव्या लागतात.

आता मान वर करा. वाडीचे मजले असतात. सर्वांत वर माड, दोन माडांत साधारण साडेसात मीटर अंतर. त्याखाली पोफळी, पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर राखून. त्याखाली जायफळ, दालचिनी, केळी. पोफळीच्या खोडावर चढवलेली मिरीची वेल किंवा पानवेल. तळाशी अननस, हळद, अळू. हा क्रम नुसता जागा वाचवण्यासाठी नाही. पोफळीच्या खोडाला दुपारनंतरचं नैऋत्येचं कडक ऊन थेट लागलं तर साल भाजते, तिथे चीर पडते आणि पुढे झाड वाऱ्यात मोडतं. म्हणून दक्षिण आणि पश्चिम अंगाला माड किंवा केळी लावून आडोसा केलेला दिसेल. तो आडोसा ओळखता आला, की वाडी लावणाऱ्याचं डोकं तुम्हाला कळलं.

जायफळाच्या झाडाशी थांबून नर कोणता आणि मादी कोणती ते विचारा. फळं फक्त मादीला येतात. रोप लहान असताना फरक कळत नाही, म्हणून पूर्वी लावलेल्यांपैकी बरीच झाडं नर निघत. हल्ली मादीच्या फांदीचं कलम बांधतात. दालचिनीचं वाळलेलं पान जमिनीवरून उचलून चुरगाळून हुंगा. फांदीचं तोडू नका.

मधेच मोकळं आभाळ दिसेल आणि खाली सगळी सारख्या वयाची कोवळी झाडं. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं, त्यात हजारो माड-पोफळी उन्मळल्या. वादळानंतर लावलेला माड फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात. त्या काळाबद्दल मालकाने आपणहून सांगितलं तर शांतपणे ऐका. खोदून विचारू नका, कित्येक घरांचं उत्पन्न त्या एका दुपारीत गेलं.

एका वाडीला दीड तास द्या. तीन वाड्या धावत पाहिल्या तर तिन्ही सारख्याच दिसतात.

८. जेवण

वालाचं बिरडं खायचं असेल तर किमान दोन दिवस आधी सांगा. वाल भिजवून, मोड आणून, सोलावे लागतात. ऐनवेळी मागितलं तर मिळणार नाही, किंवा मिळेल ते बिरडं नसेल. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटीबद्दल विचारा. भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात शेंगा भाजतात, आणि ती बहुधा संध्याकाळी लावतात. बाकी सोलकढी, भात, मासळी दुपारी कुठेही चांगलं मिळतं.

९. दुपारनंतर: अक्षी आणि अलिबाग

अक्षीला शिलाहारकालीन शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत तो मोडतो. दगडावर पाणी किंवा खडू लावून अक्षरं उठवू नका. तिरपं ऊन असलं की ती तशीच बरी दिसतात. किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी पक्षी पाहायला दुर्बीण असेल तर काढा.

अलिबागेत कान्होजी आंग्र्यांची समाधी ज्या आवारात आहे त्याला छत्रीबाग म्हणतात. १७२९ साली त्यांचं निधन झालं. शहराच्या मधोमध असूनही इथे गर्दी नसते. वीस मिनिटं पुरतात, मुलांना मोठ्याने खेळू देऊ नका.

तिथी जुळवून आला असाल तर आता कुलाबा. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि ओहोटी संपून तास होण्याच्या आत किनाऱ्यावर परत या. आत १७५९ सालचं सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, आणि देवळाजवळ पुष्करणी. चहूबाजूंनी खारं पाणी असताना किल्ल्यात गोडं पाणी कसं राहिलं, याचं उत्तर सकाळच्या विहिरीवर तुम्ही ऐकलेलं असेल. पाणी वळताना दिसलं तर फोटो सोडून निघा. भरती आधी खोलगट भाग भरते, त्यामुळे पुढची वाळू कोरडी दिसत असतानाच मागची वाट पाण्याखाली गेलेली असते. उशीर झालाच तर किल्ल्यातच थांबा आणि रखवालदाराला सांगा. पाण्यात उतरू नका.

१०. विकत काय घ्याल

सोललेली, वाळलेली सुपारी, आमसुलं, जायपत्री आणि खोबरेल हे शक्यतो जिथे वाडी पाहिली तिथूनच घ्या. भाव करू नका. रस्त्यावरच्या दुकानातला भाव कमी असेल, पण तो माल याच वाडीतला असेलच असं नाही.

रोपं घ्यायची असतील तर नारळाचं रोप नऊ महिने ते वर्षाचं, आखूड जाड बुंध्याचं निवडा. उंच आणि बारीक रोप दिसायला छान, पण जगायला कच्चं. बोटीने जाणार असाल तर मोठी रोपं चालतात का, ते आधी विचारा.

फेब्रुवारीनंतर गेलात तर अलिबागचा पांढरा कांदा घ्या. त्याला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे त्याच्या नावावर दुसरा पांढरा कांदाही खपवला जातो. खरा कांदा चवीला गोडसर आणि कमी तिखट असतो, आणि पातीची वेणी घालून माळेने विकतात. एक पाकळी चाखून पाहायला मागा, शेतकरी देतो. माळ पिशवीत कोंबून ठेवू नका. घरी पोचल्यावर वारा लागेल अशा कोरड्या जागी खुंटीला टांगा आणि खालच्या टोकाकडून एकेक कांदा काढत जा.